आयर्लंडचा कौल आणि प्रवचनाची भाषा

पुस्तकाचे परीक्षण लिहावे, क्वचित एखाद्या नाटकाचे लिहावे, ही आपल्या त्रैमासिकाची रीत आहे. प्रस्तुत लेखात ज्या लेखनाचा विचार करावयाचा आहे ते पुस्तक नाही. त्यातील एक भाग नाट्यगृहात बोलला गेला असला तरी ते नाटकही नाही. एक आहे बिशपांचे परिपत्रक, दुसरे एका नटाचे दहा मिनिटांचे भाषण आणि तिसरा एका स्त्री-पत्रकाराने वर्तमानपत्रात लिहिलेला लेख. तिन्ही आयर्लंडमधील, तिन्ही सुमारे पंधरा महिन्यांच्या अवधीतील, आणि तिन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच: दोन पुरुषांच्या अथवा दोन स्त्रियांच्या सहजीवनाला राष्ट्राच्या घटनेने विवाह म्हणावे काय? २२ मे २०१५ रोजी आयरिश जनतेने या प्रश्नाला मतपेटीतून होकार दिला. त्या होकाराची सामाजिक व राजकीय कारणे शोधणारे अभ्यासक पुष्कळ आहेत. मला त्या कौलाकडे वाचक म्हणून पाहावयाचे आहे, आणि थोडेसे आरोपी म्हणूनही. कारण या तिहींपैकी पहिल्या लेखनाची भाषा ही माझी स्वतःची भाषा आहे. तीच मी सेमिनरीत शिकलो, तीच वेदीवरून बोललो.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत आयर्लंडचे नाव आदराने घेतले जाई. संतांचा आणि विद्वानांचा देश, जगभर मिशनरी पाठविणारा देश, अशी त्याची ओळख. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल तेथे गेले तेव्हा डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील मिस्सेला दहा लाखांहून अधिक लोक जमले होते, हे आमचे एक प्राध्यापक इतक्या अभिमानाने सांगत की जणू ती माणसे त्यांनी स्वतः मोजली होती. १९३७ च्या आयरिश घटनेत कॅथलिक ख्रिस्तसभेला विशेष स्थान असल्याचा उल्लेख होता. तो १९७२ साली लोकांनीच मतदानाने काढून टाकला. घटस्फोटाला परवानगी देणारे १९९५ चे सार्वमत अवघ्या नऊ हजारांच्या आसपासच्या फरकाने निघाले. समलिंगी संबंध हा तेथे १९९३ पर्यंत कायद्याने गुन्हा होता. त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांत त्याच देशाने घटनेच्या एकेचाळिसाव्या कलमात, म्हणजे कुटुंबविषयक कलमात, विवाह हा लिंगभेदाविना कोणत्याही दोन व्यक्तींना कायद्यानुसार करता येईल असे वाक्य घातले. बाजूने १२,०१,६०७ मते, विरोधात ७,३४,३००. टक्केवारीत ६२ आणि ३८. त्रेचाळीस मतदारसंघांपैकी फक्त एकाने, रॉसकॉमन–साउथ लीट्रिमने, नकार दिला. जनतेच्या थेट मतदानाने असा निर्णय घेणारे जगातले हे पहिलेच राष्ट्र. आणि २०११ च्या जनगणनेत तेथील सुमारे ८४ टक्के लोकांनी स्वतःची नोंद कॅथलिक अशी केलेली होती. म्हणजे होकार देणाऱ्यांत बहुसंख्य बाप्तिस्मा झालेले, प्रथम ख्रिस्तशरीर घेतलेले, आपल्याच शाळांत शिकलेले लोक होते. हा धर्माबाहेरच्यांनी धर्मावर मिळविलेला विजय नव्हे. हा घरातला कौल होता, आणि म्हणूनच आपण तो नीट वाचला पाहिजे.

मराठी वाचकाला या कथेत आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. सार्वमताच्या चार महिने आधी, १८ जानेवारी २०१५ रोजी, आपल्या छत्तिसाव्या वाढदिवशी, आयर्लंडचे तत्कालीन आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी आपण समलिंगी असल्याचे रेडिओवरील मुलाखतीत सांगितले. आडनावावरून गाव ओळखण्याची आपली सवय येथे फसत नाही. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर हे मूळचे मालवण तालुक्यातील वराडचे, हिंदू घरातले. आई आयरिश परिचारिका. आणि मुलगा कॅथलिक संस्कारांत वाढलेला. पुढे २०१७ साली ते पंतप्रधान झाले आणि २०१९ च्या डिसेंबरात आईवडिलांसह वराडला येऊन गेले. गावाने त्यांचे स्वागत केले. आपल्याकडे ज्या गोष्टीची कुजबुज झाली असती ती गोष्ट गावाला ठाऊक नव्हती असे नाही. गावाने पाहुण्याला पाहुण्यासारखे वागविले, एवढेच. असो.

आता परिपत्रकाकडे वळू. डिसेंबर २०१४ मध्ये आयरिश बिशपांनी ‘विवाहाचा अर्थ’ अशा आशयाच्या शीर्षकाचे एक निवेदन प्रसिद्ध केले आणि ते देशभरच्या धर्मग्रामांत पोहोचविले. निवेदन अभ्यासपूर्ण आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. त्यात शिवीगाळ नाही, धमकी नाही. स्त्री आणि पुरुष यांचे परस्परपूरकत्व, त्यांच्या ऐक्यातून येणारे नवे जीवन, आईवडिलांच्या छायेत वाढण्याचा बालकाचा अधिकार आणि या सर्वांमुळे विवाहाला समाजात मिळालेले अनन्य स्थान, असा त्याचा क्रम आहे. मी या शिकवणुकीशी बांधलेला आहे आणि ती मला खरी वाटते. विवाह म्हणजे केवळ दोन जिवांच्या उत्कट स्नेहाची सरकारदरबारी नोंद नव्हे. त्यात पिढ्यांचा संबंध आहे, देहाचा अर्थ आहे, हे मी विवाहपूर्व शिबिरांत वर्षानुवर्षे सांगत आलो आहे आणि पुढेही सांगेन.

तरीही समीक्षक म्हणून प्रश्न पडतो की हे निवेदन कोणाशी बोलते आहे? त्यातील माणसे सारी जातिवाचक आहेत. ‘पती’, ‘पत्नी’, ‘बालक’, ‘समाज’, ‘राज्यसंस्था’. समलिंगी व्यक्तीचा उल्लेख येतो तो आदराच्या एका विहित वाक्यात, आणि त्या वाक्यानंतर ती व्यक्ती निघून जाते. ती कोणाची तरी मुलगी असेल, रविवारी तिसऱ्या बाकावर बसत असेल, तिची आई रोझरीच्या वेळी तिच्यासाठी एक जास्तीचा ‘नमो मरिया’ म्हणत असेल, याची जाणीव त्या पानांत कोठे उमटत नाही. ज्या निवेदनाचा विषय कुटुंब आहे, त्यात एकही कुटुंब दिसू नये, हा केवळ शैलीचा दोष नाही. वाचणाऱ्या आईला त्यातून विवाहाची व्याख्या मिळते. आपल्या मुलीने रात्री जेवताना ती गोष्ट सांगितली तर ताट पुढे सरकवावे की मागे घ्यावे, याचे उत्तर मिळत नाही.

दुसरा दोष युक्तिवादाचा आहे. विरोधी प्रचाराचा सारा भर बालकांवर होता. प्रत्येक बालकाला आई आणि वडील मिळाले पाहिजेत, अशी भित्तिपत्रके रस्तोरस्ती लागली. परंतु समलिंगी जोडप्यांना दत्तक घेण्याची वाट मोकळी करणारा बालक आणि कौटुंबिक संबंधविषयक कायदा त्याच वर्षी एप्रिलमध्ये, सार्वमताच्या आधीच, राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी होऊन संमत झाला होता. सार्वमताचा निकाल काहीही लागला असता तरी तो कायदा तसाच राहणार होता. म्हणजे मतदाराला विचारलेला प्रश्न एक आणि भित्तिपत्रकाने दिलेले उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे. शिवाय त्या भित्तिपत्रकाखालून विधवा आई आपले मूल घेऊन जात होती, आजोबांनी वाढविलेली नात जात होती. त्यांना ते कसे वाचता आले असेल? प्रचारकांच्या मनात ती माणसे नव्हती, हे उघड आहे. पण मनात नसणे हाच तर येथे मुद्दा आहे.

याहून खोल प्रश्न एका शब्दाचा आहे. १९९२ च्या कॅटेकिझमचे २३५७ ते २३५९ हे परिच्छेद या विषयावरचे. त्यात समलिंगी कृतींना आणि पुढे त्या प्रवृत्तीलाही उद्देशून जो शब्द येतो, त्याचे मूळ शालेय लॅटिनमधील ‘इनॉर्दिनातुस’ या विशेषणात आहे. संत थॉमस अक्वायनस यांच्या परिभाषेत जे आपल्या योग्य साध्याकडे वळलेले नाही ते इनॉर्दिनातुस. जेवणाची अवाजवी लालसाही त्यांच्या लेखी त्याच विशेषणास पात्र आहे. आणि त्या हिशेबाने नाताळाच्या दुपारी आपणा सर्वांची गणना त्यात व्हावी. इंग्रजीत मात्र त्याचे ‘डिसऑर्डर्ड’ झाले. ‘डिसऑर्डर’ हा शब्द आज डॉक्टरच्या तोंडी आहे. तो आजाराचा, मनोरुग्णतेचा शब्द आहे. तत्त्वज्ञाने ज्याला दिशेचा प्रश्न म्हटले ते ऐकणाऱ्याला रोगाचे निदान वाटले. मराठीत तर आपण आणखी पुढे गेलो. मी स्वतः अनेक वर्षे त्यासाठी ‘विकृत’ हा शब्द वापरला. आमच्या वर्गातील टिपणांत तोच होता आणि मला त्यात काही वावगे दिसले नाही. मराठीत ‘विकृत’ हा शब्द वर्तमानपत्र कोणासाठी वापरते, हे वाचकांना सांगावयास नको. लॅटिन तत्त्वज्ञानातून निघालेला एक विचार तीन भाषांचे उंबरठे ओलांडून आमच्या मंचावर आला तोवर त्याची शिवी झालेली होती, आणि ती शिवी देणाऱ्याला आपण कॅटेकिझम शिकवीत आहोत असेच वाटत होते. त्याच कॅटेकिझममध्ये लगेच पुढे अशा व्यक्तींचा आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकार करावा, अन्याय्य भेदभावाची कोणतीही खूण टाळावी, असा आदेश आहे. तो शब्द मात्र भाषांतरात कोठेच बिघडला नाही, कारण त्याचे भाषांतर करण्याची वेळच आमच्यावर फारशी आली नाही.

शब्दांची ही गंमत आयरिशांनाही चुकली नाही. घटनादुरुस्तीचा मजकूर आयरिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असतो आणि विसंगती आढळल्यास आयरिश पाठ प्रमाण धरला जातो. पहिल्या आयरिश मसुद्याचा अर्थ भलताच निघतो, त्याप्रमाणे स्त्री-पुरुषांचाच विवाह कायद्याबाहेर पडेल, अशी शंका निघाली आणि मतदानाच्या दोन-तीन महिने आधी तो मसुदा बदलावा लागला.

दुसरे लेखन, म्हणजे ते भाषण. त्यामागची हकिकत थोडक्यात अशी. रोरी ओनील हा मेयो परगण्यातील नट. पँटी ब्लिस या नावाने स्त्रीवेषात कार्यक्रम करणारा. जानेवारी २०१४ मध्ये दूरचित्रवाणीवरील एका कार्यक्रमात त्याने विवाहविषयक बदलाला विरोध करणाऱ्या काही व्यक्तींवर समलिंगीद्वेषाचा आरोप केला. त्यांनी कायदेशीर नोटिसा दिल्या. राष्ट्रीय वाहिनीने क्षमा मागितली आणि ८५,००० युरो भरपाई दिली. त्यावरून देशभर वादंग उठले. १ फेब्रुवारी २०१४ रोजी डब्लिनच्या ॲबी थिएटरमध्ये १९१३ च्या कामगार लढ्यावरील नाटकाच्या प्रयोगानंतर पँटीला बोलावण्यात आले. हे ॲबी थिएटर म्हणजे येट्स आणि लेडी ग्रेगरी यांचे. येथेच १९०७ साली सिंजच्या नाटकावरून दंगल झाली होती. वादाची या रंगमंचाला सवय आहे.

त्या भाषणातील भाषा सर्व ठिकाणी आपल्या पानांवर छापण्याजोगी नाही. परंतु त्याच्या केंद्रस्थानी असलेली प्रतिमा साधी आहे. रस्ता ओलांडण्यासाठी उभा असलेला माणूस. शेजारून गेलेली मोटार. त्यातून आलेली एक शिवी आणि फेकलेले दुधाचे खोके. लागत काहीच नाही. पण त्यानंतर तो माणूस स्वतःला तपासू लागतो: माझ्या उभे राहण्यात, हातवाऱ्यात, आवाजात असे काय होते ज्यामुळे त्यांनी ओळखले? हे ‘स्वतःला तपासणे’ भाषणात पुन्हापुन्हा येते, प्रत्येक वेळी निराळ्या प्रसंगी, आणि शेवटी श्रोत्याच्या ध्यानात येते की हा माणूस आयुष्यभर हेच करीत आला आहे. सेमिनरीत आम्हांला दररोज रात्री विवेकपरीक्षण करावयास शिकविले. एखाद्याला आपल्या पापांसाठी नव्हे, तर आपल्या चालण्यासाठी दररोज असे परीक्षण करावे लागते, हा विचार मला त्या भाषणापूर्वी सुचलेला नव्हता. वक्तृत्वाच्या दृष्टीने पाहता त्यात विवाहाविषयी काहीच नाही. एकाही युक्तिवादाला उत्तर नाही. तरी पुढच्या वर्षीच्या मतदानाची दिशा या भाषणाने बदलली असे पुष्कळांना वाटते, आणि ते मला पटते, कारण ज्यांना परिपत्रकात जागा मिळाली नव्हती त्यांतील एकाला येथे देह मिळाला.

तिसरे लेखन मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. मतदानाला एक आठवडा उरला असताना, १५ मे २०१५ रोजी, एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या राजकीय संपादक अर्सुला हॅलिगन यांचा लेख ‘आयरिश टाइम्स’मध्ये आला. जून १९७७ मध्ये सतरा वर्षांची असताना आपल्या डायरीत लिहिलेल्या नोंदीने त्यांनी सुरुवात केली आहे. शाळेतील एका मैत्रिणीवर आपले प्रेम जडले आहे हे कळल्यावर त्या मुलीला काय वाटले? भीती, आणि मरणाचे विचार. ती चांगली कॅथलिक मुलगी होती, म्हणून तिने ते पुरले. पुढची चार दशके कोणालाही सांगितले नाही. चारचौघींच्या आयुष्यात जे टप्पे येतात त्यांतील एकही तिच्या वाट्याला आला नाही. हे सारे त्या रडगाण्याच्या सुरात लिहीत नाहीत. बातमीदार जशी बातमी देतो तशी देतात. आणि ख्रिस्तसभा सोडल्याचा पवित्रा न घेता लिहितात. आपण श्रद्धावंत आहोत आणि श्रद्धेपोटीच होकाराचे मत देणार आहोत, हे त्या स्पष्ट सांगतात. त्यांच्या निष्कर्षाशी मी सहमत होऊ शकत नाही. पण ज्या मौनाचे वर्णन त्या करतात त्या मौनाचे बांधकाम कोणी केले, या प्रश्नापुढे माझी असहमती फार लहान दिसते.

हॅलिगन एकट्या नव्हत्या. १९९७ ते २०११ या काळात राष्ट्राध्यक्षपद भूषविलेल्या आणि नंतर रोममध्ये ख्रिस्तसभेच्या कायद्याचा अभ्यास केलेल्या मेरी मॅकअलीस आपल्या मुलाच्या बाजूने उभ्या राहून होकारासाठी बोलल्या. विवाहाचा खटला न्यायालयात प्रथम नेला तो कॅथरिन झॅपोन आणि ॲन लुईस गिलिगन या दोघींनी. २००६ साली त्या हरल्या. दोघीही ईश्वरविज्ञानाच्या डॉक्टर, आणि गिलिगन तर पूर्वाश्रमीच्या धर्मभगिनी. आपल्या विरोधात उभे असलेले लोक आपलाच अभ्यासक्रम पुरा करून आले होते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की फादरांनी पक्ष बदलला. तसे नाही, आणि दुसऱ्या बाजूचे दोषही सांगितले पाहिजेत. होकाराच्या प्रचाराने ‘समता’ हा एकच शब्द उचलला आणि त्याच्यामागे विवाह म्हणजे काय हा प्रश्न झाकून टाकला. समता कशाची? एकाच गोष्टीत दोघांना समान वाटा मिळावा म्हणावयाचे तर ती गोष्ट काय आहे हे आधी ठरले पाहिजे. आणि तेच तर वादाचे मूळ होते. आत्मकथनाला उत्तर देता येत नाही, ही त्याची शक्ती. पण ज्याला उत्तर देता येत नाही त्याने वादविवाद संपतो, पुरा होत नाही. ज्यांनी शांतपणे, द्वेषाविना नकार दिला त्या सात लाखांहून अधिक माणसांना मतमोजणीच्या दिवशी वर्तमानपत्रांनी जुनाट खेडवळ म्हणून निकालात काढले, हेही न्याय्य नव्हते. डब्लिनच्या किल्ल्याच्या अंगणात लोक आनंदाने गात होते त्या वेळी रॉसकॉमनमधल्या एखाद्या आजीबाईला आपला देश परका झाल्यासारखे वाटले असेल, तर तिचे दुःखही खरे होते. तिच्याविषयी मला कोठे चांगला लेख वाचावयास मिळाला नाही. आयर्लंडच्या लेखकांना ती सापडावयास हवी होती.

निकालानंतरच्या दोन प्रतिक्रिया शेजारी ठेवून वाचण्यासारख्या आहेत. डब्लिनचे तत्कालीन आर्चबिशप डर्मिड मार्टिन यांनी स्वतः विरोधी मत देणार असल्याचे आधीच सांगितले होते, पण आपला धर्म कोणाच्या घशात कोंबण्याची आपली इच्छा नाही असेही म्हटले होते. निकाल लागल्यावर ते म्हणाले की ख्रिस्तसभेने वास्तव तपासून पाहावे. ही तरुण मुले बारा वर्षे आमच्याच शाळांत होती, मग आम्ही त्यांच्यापासून इतके दूर कसे गेलो? व्हॅटिकनचे सचिव कार्डिनल पारोलिन यांनी मात्र त्या निकालाला ख्रिस्ती तत्त्वांचाच नव्हे तर मानवतेचा पराभव म्हटले. एकाने प्रश्न विचारला, दुसऱ्याने निवाडा दिला. अशा प्रतिक्रियेमागे दशकांचा इतिहास होता हे विसरता येत नाही. २००५ चा फर्न्स अहवाल, २००९ चे रायन आणि मर्फी अहवाल, २०११ चा क्लॉइन अहवाल: बालकांवर धर्मसंस्थांत झालेले अत्याचार आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण या सर्वांतून बाहेर आले होते. ज्या मंचाने बालकांच्या हक्काचा युक्तिवाद केला त्या मंचाला त्या युक्तिवादाचा अधिकार लोकांच्या दृष्टीने उरला नव्हता. परिपत्रकातील वाक्ये तीच असती आणि ते अहवाल नसते, तर ती निराळी ऐकू आली असती. शब्दाचे वजन बोलणाऱ्याच्या चारित्र्यावर ठरते, ही गोष्ट आम्हांला अलंकारशास्त्राच्या पहिल्याच धड्यात शिकविलेली होती.

आता माझ्याविषयी. त्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरच्या रविवारी मी आयर्लंडवर प्रवचन केले. आयर्लंडशी माझ्या धर्मग्रामाचा संबंध एवढाच की दोन घरांतल्या मुली तेथे परिचारिका होत्या. वर्तमानपत्रातून मी ‘मानवतेचा पराभव’ हे शब्द उचलले, कारण ते मराठीत भारदस्त वाटत होते, आणि त्यांना माझा नेहमीचा ‘विकृत’ जोडला. प्रवचन चांगले रंगले. बाहेर पडताना दोन-तीन वडीलधाऱ्यांनी मुद्दाम हात हातात घेतला.

चार वर्षांनी, पहिल्या शुक्रवारी, एका आजारी गृहस्थांना घरी ख्रिस्तशरीर देण्यासाठी गेलो होतो. प्रार्थना संपल्यावर त्यांच्या पत्नी मला अंगणापर्यंत सोडावयास आल्या आणि त्यांनी आपल्या मुलाविषयी सांगितले. तो एकेकाळी आमच्या गायनवृंदात होता. नोकरीसाठी बाहेर गेला असे मी धरून चाललो होतो. “त्या आयर्लंडच्या रविवारनंतर तो मिस्सेला आला नाही, फादर,” त्या म्हणाल्या. “तुमचं प्रवचन चांगलंच होतं. पण त्याला वाटलं, तुम्ही त्यालाच बोललात.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट मला वाईट वाटू नये म्हणून त्या जपून बोलत होत्या, आणि तेच मला अधिक लागले. मला त्या मुलाविषयी काही ठाऊक नव्हते, हे खरे आहे. पण दीडशे घरांच्या धर्मग्रामात असे कोणीच नसेल, हे मी कशावरून धरले होते?

आपल्या देशात हा प्रश्न सार्वमतापर्यंत आलेला नाही. २०१८ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने विवाहाचा मूलभूत अधिकार मान्य करण्यास नकार देऊन तो विषय कायदेमंडळाकडे सोडला. त्या सुनावणीच्या काळात निरनिराळ्या धर्मांचे पुढारी, एरवी जे एका व्यासपीठावर सहसा बसत नाहीत, ते एका सुरात विरोधाला उभे राहिले. त्या वेळची निवेदने मी आयर्लंडच्या परिपत्रकाशेजारी ठेवून वाचली. शिकवण निराळी, ग्रंथ निराळे, पण व्याकरण तेच: माणसे जातिवाचक, कर्ता अदृश्य, आई गैरहजर. या पार्श्वभूमीवर, २०१३ च्या डिसेंबरात कलम ३७७ पुन्हा लागू झाले तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी काय म्हटले ते आठवावे. समलिंगी विवाहाला आमचा विरोध आहे, पण या व्यक्तींना आम्ही गुन्हेगार मानीत नाही, असे ते म्हणाले. दोन वाक्ये, दोन्ही ठाम, आणि दोन्हींमध्ये कोणाचा अपमान नाही. पुढे २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे असे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या १८ डिसेंबरला व्हॅटिकनने विवाहाची शिकवण न बदलता अशा जोडप्यांना विधिबाह्य, साधा आशीर्वाद देण्याची मुभा दिली. त्यावरून आफ्रिकेतील बिशपांनी उघड नाराजी दर्शविली आणि इतरत्र काहींना ती मुभा फारच तोकडी वाटली. मुंबईच्या त्या दोन वाक्यांना मात्र दहा वर्षे आधीच हा तोल सापडला होता. ते विधान आमच्या पाठांतरात असावयास हवे होते. मी स्वतः ते २०१५ च्या त्या रविवारी विसरलो होतो.

‘विकृत’ हा शब्द मी माझ्या टिपणांतून खोडला आहे. त्याच्या जागी काय घालावे हे अजून नक्की ठरलेले नाही. ‘साध्यापासून वळलेले’ असे लिहून पाहिले. ते लॅटिनच्या जवळ जाते, पण मराठी कानाला ते रस्ता चुकलेल्या बैलगाडीसारखे वाटते. कोणा वाचकाला बरा शब्द सुचल्यास संपादकांकडे जरूर कळवावा.

गेल्या नाताळात त्या घरी गेलो तेव्हा तो मुलगा आलेला होता. आता तो पुण्याला असतो. घरची मंडळी मिस्सेला गेली की तो एकटा मागे राहतो आणि ती परत येईपर्यंत सर्वांसाठी चहा करून ठेवतो, हे त्याच्या आईने मला मागेच सांगितले होते. त्या दिवशी चहा त्यानेच आणून दिला. आम्ही वाडीतल्या केळींविषयी आणि अवकाळी पावसाविषयी बोललो. गायनवृंदाला आता पेटी वाजविणारे कोणी राहिले नाही, हे मी सांगितले. पेटीचा भाता फाटला होता तो दुरुस्त केला का, असे त्याने विचारले. केलेला नव्हता.